दोष माझा, घर माझं

निकालपत्राच्या नकलेवर एका पानाच्या मधोमध रावसाचं खवलं चिकटलं होतं. वाळून ते कागदाशी एकजीव झालं होतं. कमलने पान उजेडाकडे धरलं तशी त्यातली वर्तुळं दिसली, एकात एक, काही दाटीवाटीने तर काही ऐसपैस. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असली खवलं तिने सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ पाहिली होती. खाणं भरपूर मिळालं की वर्तुळं लांब लांब पडतात, आबाळ झाली की जवळ जवळ. माशाच्या आयुष्यातलं काहीच त्यातून सुटत नाही. ते खरवडायला तिने नख पुढे केलं आणि पुन्हा मागे घेतलं. खवल्याखालची इंग्रजीत टाइप केलेली ओळ स्वच्छ वाचता येत होती. ती तिला पाठच होती. आरोपीने मयताच्या विधवेसमोर आणि जमलेल्या शेजाऱ्यांसमोर, कोणाचीही जबरदस्ती नसताना, दोष आपला असल्याचं कबूल केलं.

"काय बघतेस त्यात?" सोनूबाईने चुलीपाशी बसूनच विचारलं.

"आई, तू ह्या कागदांना हात लावलास?"

"वकील यायचा म्हणून पानं सरळ करून ठेवली. हात धुतले होते मी."

"खवलं राहिलं एक."

"राहू दे. त्या जज्जाला तेवढाच मासळीचा वास."

कमलला हसू आलं नाही. ती अंधेरीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवायची. प्रयोगाच्या वहीत कोणी निरीक्षणाच्या आधी निष्कर्ष लिहिला, तर ती सगळं पान परत लिहायला लावायची. हे निकालपत्र आणणाऱ्या मुलाला तिने वर्गाबाहेरच उभं केलं असतं. पण ह्या निकालपत्रामुळे तिचा बाप, तुळशीदास तांडेल, दोन वर्षं येरवड्याच्या तुरुंगात होता. सख्ख्या धाकट्या भावाचा, रामचंद्रचा खून केला म्हणून जन्मठेप.

हायकोर्टातलं अपील आता बोर्डावर येऊ घातलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीआधी एक अर्ज दाखल व्हायला हवा होता. तो अर्ज रामचंद्रकाकाच्या बायकोशिवाय, सगुणाकाकीशिवाय होण्यासारखा नव्हता. निकालानंतर सगुणा खाडीपलीकडे मढला भावाकडे राहायला गेली ती आज पहिल्यांदा वेसाव्याला सासरी येणार होती. येते म्हणाली होती. काय बोलणार, ते सांगितलं नव्हतं.

विद्याधर वकील आधीच येऊन बसले होते. कमलच्या शाळेतल्या शुभाबाईंचे ते भाऊ, राहणार मुलुंडचे. एवढ्या लांबून रविवारी सकाळी आले, पण वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सोसत नसल्याने चहाचा कप नाकाशी धरून बसले होते. सोनूबाईला ते कळलं होतं आणि ती मुद्दाम त्यांना पुन्हा पुन्हा चहा देत होती.

"ह्यांनी निदान इथवर येऊन चहा तरी घेतला," ती कमलला म्हणाली. "मागचा वकील कोर्टाच्या जिन्यात उभ्या उभ्या बोलायचा, गाडी सुटत असल्यासारखा."

"मढची तर धक्क्याला लागली," बाहेरून अंजनाबाईचा आवाज आला.

कमलची आजी मासळी वाळवायच्या वलांडीपाशी उभी होती. बोंबलांच्या ओळी उलटता उलटता तिची नजर वाळूवरून खाडीकडे लागली होती. दोन मुलांची आई ती. एक समुद्राने नेला की भावाने, ते सरकारने ठरवलं होतं. दुसरा सरकारने नेला. खटल्यात म्हातारीला कोणी साक्षीलाच बोलावलं नाही. पोलिसांनी लिहून घेतलं, शोकाने भान हरपलेलं आहे.

सगुणा अंगणात आली आणि बाहेरच्या दगडी ओट्यावरच बसली. मागोमाग तिचा भाऊ बळवंत आला, खांबाला टेकून उभा राहिला. सोनूबाईने पाण्याचा तांब्या आणून जावेपुढे ठेवला. सगुणाने तो हाताने जरासा बाजूला सरकवला.

"आमचं पाणी खारं झालं काय गं?"

"तहान नाय, वहिनी."

"एवढं ऊन तुडवत आलीस, तहान नाय?"

"पाणी प्यायला नाय बोलावलं ना हिला," बळवंत म्हणाला. "कामाचं बोला. दुपारच्या तरीने आम्ही परत जाणार."

विद्याधर बाहेर आले. त्यांच्यासाठी कमलने खुर्ची आणली, पण सगळ्या बायका जमिनीवर बसलेल्या पाहून ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले.

"मी सरळच सांगतो," ते म्हणाले. "निकाल तीन गोष्टींवर उभा आहे. एक, त्या दिवशी सकाळी दोघा भावांचं भांडण झालं."

"झालं," सोनूबाई म्हणाली. "रामचंद्रला होडी सोडून साकीनाक्याच्या कारखान्यात जायचं होतं. आमचे हे ओरडले, पुन्हा होडीवर पाय ठेवशील तर बघ. सगळ्या आळीने ऐकलं. भाऊ भावाला ओरडणार नाय तर काय पोलिसाला ओरडणार?"

"दोन, डोक्यावरची जखम. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती फटक्याने झाली असेल किंवा कठीण वस्तूवर आपटूनही झाली असेल. कोर्टाने पहिलं घेतलं, दुसरं सोडून दिलं. तुळशीदास म्हणतात, ओहोटी होती, फळी चिखलाने बुळबुळीत होती, रामचंद्र घसरला आणि नांगरावर आपटून पाण्यात गेला. पाहणारं तिसरं कोणी नव्हतं. आणि तीन, ती कबुली. ही तिसरी काढली, तर उरलेल्या दोन्हींवर जन्मठेप टिकणार नाही असं मला वाटतं."

"मग काढा ना."

"कशी काढू? खटल्यात तुळशीदास म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. पाच जणांनी शपथेवर सांगितलं, बोलला. त्यांत मयताची बायको. तिथेच ते खोटे ठरले. आता, बोलले पण ती तुमच्यातली रीत आहे, असं म्हणायचं, तर ती रीत कुठल्या पुस्तकात नाही, साक्षीत नाही. अपील कागदांवर चालतं, सोनूबाई. जे कागदात नाही, ते कोर्टाच्या लेखी झालंच नाही."

"झालंच नाय?"

अंजनाबाई वलांडीपासून चालत आली. हातातला बोंबील तिने खाली ठेवला नव्हता.

"वादळाच्या साली माझ्या नवऱ्याच्या होडीवरून तीन माणसं गेली. तो ओल्या कपड्यानिशी तिन्ही घरांच्या अंगणात उभा राहिला. आधी स्वतःच्या घरात पाय नाय टाकला. तिन्ही ठिकाणी म्हणाला, दोष माझा, आता घर माझं. वादळ काय त्याने आणलं होतं? त्याला का नाय नेलं पकडून? सांगा ना वकीलसाहेब. तो पण कबूल झाला होता!"

"आजी, मला पटतंय. पण..."

"तुम्हांला काय पटतंय? होडीवरचं माणूस गेलं, कसंही जाऊ दे, दुखण्याने जाऊ दे, होडी चालवणाऱ्या तांडेलाने त्याच्या दारात जाऊन हे म्हणायचं, आणि पुढे ते घर पोसायचं. त्या घरची बाई कळशी घेऊन बाहेर येते. तिचा विश्वास असला तर ती त्याच्या पायांवर पाणी घालते. संशय असला तर कळशी पालथी ठेवते. पालथी ठेवली की मग जमात बसते, पाटील बसतो, सगळ्यांची झडती होते. आमच्यात न्याय नव्हता काय? आमचं कोर्ट पायरीवरच होतं!"

विद्याधरांनी कप खाली ठेवला. "हे कळशीचं मला कोणी सांगितलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी?" अंजनाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या वलांडीवरचे कावळे उडाले. "मागच्या वकिलाने विचारलं? पोलिसाने विचारलं? मना वेडी ठरवून कोपऱ्यात बसवली! माझे दोन्ही पोरगे होते ते. मारणाऱ्याची पण आय मी आणि मरणाऱ्याची पण मीच, तर त्यांना वाटलं, ही काय बोलणार!"

मग बळवंतने खांबावरची पाठ काढली.

"असली काय रीत नाय," तो म्हणाला.

"काय?" सोनूबाई.

"म्हातारी बोलते ते तिच्या काळातलं. आता कोण करतो? तुळशीदास म्हणाला, दोष माझा. मी ऐकलं. दोष माझा म्हणजे दोष माझा. मी कोर्टात पण तेच सांगितलं. आता बायला पुढे करून मला खोटा पाडायचं हाय काय तुम्हांला?"

"लाज नाय वाटत रे?" सोनूबाई उभी राहिली. "मढला काय वेगळा समुद्र हाय? तुमच्या होड्या काय रस्त्यावरून चालतात?"

"तोंड सांभाळ, सोनूबाय."

"कशाला सांभाळू? ह्या तोंडाने बाजारात उभी राहते मी. खुन्याची बायको म्हणून गिऱ्हाईक तोंड फिरवतं, तेव्हा ह्याच तोंडाने हाका मारते!"

"आई, बस," कमल म्हणाली. तिलाही राग आला होता. पण तिचा राग बळवंतवर नव्हता. बळवंत आपलं शपथेवरचं बोलणं राखत होता, हे तिला दिसत होतं. तिचा राग ओट्यावर खाली मान घालून बसलेल्या बाईवर होता. रामचंद्रकाकाचं प्रेत अंगणात आणलं, तेव्हा कमल घरात होती. काकीने कळशी आणली आणि बाबांच्या पायांवर पाणी घातलं, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं. तिची साक्ष मुलीची साक्ष म्हणून कोणी घेणार नव्हतं. आणि पाणी घालणारी गप्प होती.

"काकी," ती म्हणाली. "तू पाणी घातलंस. मी पाहिलंय. मग दोन वर्षं तू गप्प कशी राहिलीस?"

सगुणाने वर पाहिलं.

"मी गप्प नव्हते. मी कोर्टात बोलले."

"अर्धं बोललीस."

"अर्धं बोलले?" सगुणाचा आवाज एकदम फुटला. "मना विचारलं, दोष माझा असं आरोपी म्हणाला काय? मी म्हटलं, हो म्हणाला, आणि पुढे... तर तो सरकारी वकील म्हणतो, विचारलं तेवढंच सांगा. हो की नाही. मी जज्जाकडे बघितलं. तो लिहीत होता. मी परत सुरू केलं, साहेब, आमच्यात असं असतं. तर शिपाई खेकसला, बाई, गप्प राहा. आणि आपला वकील? त्याने तर उठून म्हटलं, काही विचारायचं नाही. खाली उतर म्हणाले. माझा नवरा मेला आणि मना विचारलं काय तर हो की नाय!"

"मग तेव्हाच ओरडायचं होतंस."

"ओरडणार होते. दुसऱ्या दिवशी परत जाणार होते, पाटलाला घेऊन. पण मग तुझ्या बापाला उभा केला." सगुणाने पदराने तोंड पुसलं. "मी समोरच्या बाकावर होते. त्याला विचारलं, तू विधवेच्या दारात असं म्हणालास काय? तो माझ्याकडे बघून म्हणाला, नाय. मी काहीच बोललो नाय. कमल, दोष माझा नाय म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. पण काहीच बोललो नाय म्हणजे काय? म्हणजे घर माझं पण म्हणाला नाय! मी कोणाच्या पायांवर पाणी घातलं मग? मी माझ्या नवऱ्याच्या प्रेताशेजारून उठून त्या माणसाचे पाय धुतले आणि तो भर कोर्टात म्हणतो, असं झालंच नाय. मना उघड्यावर टाकली त्याने. म्हणून गेले मी मढला. खून केला म्हणून नाय गेले."

सोनूबाई खाली बसली. अंजनाबाईच्या हातातला बोंबील केव्हाच चुरगळला होता. दोन वर्षं ह्या घराने धरून ठेवलं होतं की सगुणा तुळशीदासला खुनी मानते. तिला कोणी विचारलं नव्हतं. ह्या घरानेसुद्धा नाही. कमलच्या मनात आलं, आपणही निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहून मोकळ्या झालो होतो.

"काकी, मी मागच्या आठवड्यात येरवड्याला गेले होते," ती म्हणाली.

विद्याधर पुढे झुकले. "कमलताई, ते आत्ता नको. हे सरकारी पक्षाचे साक्षीदार आहेत." त्यांनी बळवंतकडे डोळ्यांनी खूण केली.

"असू देत. काकी, मागच्या वकिलाने बाबांना कोठडीत सांगितलं होतं, बोललो म्हणालास तर फास लागेल. काहीच बोललो नाही म्हण, आम्ही बाकीचं बघून घेतो. बाबांनी जन्मात कोर्ट पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचं ऐकलं. ते मला जाळीपलीकडून म्हणाले, सगुणा समोर बसली होती, नाय म्हणालो आणि तिचा चेहरा बघितला. त्या दिवसापासून मला झोप नाय."

सगुणा मघाच्या तांब्याकडे बघत राहिली.

"विद्याधर म्हणतात, तुझी साक्ष मिळाली नाही तर आधीचंच चालवू, बोललोच नाही म्हणू, जखमेवर भांडू. बाबांनी त्याला नकार दिला. म्हणाले, अपील हरलं तर हरलं, जन्म इथे जाऊ दे. पण ह्या खेपेला कागदावर लिही की मी म्हणालो होतो. दोन्ही म्हणालो होतो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे मी नाय बोलले, तर तो आपल्या हाताने..."

"हो," विद्याधर म्हणाले. "तुम्ही बोलला नाहीत, तर त्यांनी स्वतःच कबुली दिल्यासारखं होईल. मग माझ्या हातात काही राहत नाही. मी त्यांना तसं समजावलं. ऐकत नाहीत."

"नाटकं हायत सगळी," बळवंत म्हणाला. "बाय, चल. तुना फसवतात हे लोक. उद्या ह्या सगळ्यांच्या नादाने तू कोर्टात उभी राहशील आणि सगळा मढ हसेल, नवऱ्याला मारला त्यालाच सोडवून आणला म्हणून. मी तुना घरात ठेवली ती काय ह्यासाठी?"

सगुणा उठली. ओट्यावरून उतरून ती भावासमोर उभी राहिली. ती त्याच्या खांद्याला लागत होती, पण बळवंतच अर्धं पाऊल मागे सरला.

"बळवंत, भीमराज आठवतो?"

"त्याचं काय इथे?"

"आपल्या बाच्या होडीवर होता. भर दुपारी वीज पडली आणि जागच्या जागी गेला. बा त्याच्या आयच्या दारात गेला होता. तू बाचा ओला सदरा मुठीत धरून मागे उभा होतास. रडत होतास. बा काय म्हणाला तेव्हा?"

बळवंतने समुद्राकडे पाहिलं.

"सांग ना. ह्या वकिलाला सांग. ती वीज आपल्या बाने पाडली होती?"

"बाय, तेव्हाचं वेगळं होतं."

"काय वेगळं? भीमराजच्या आयने पाणी घातलं म्हणून? आपला बा तांडेल आणि हा खुनी? त्यानेही तेच म्हटलं, ह्यानेही तेच म्हटलं. तुना माहीत होतं रे. माझ्याशिवाय तुम्ही चौघे शपथ घेऊन उभे राहिलात. चौघांच्याही घरांत ही रीत हाय. एकाने तरी सांगायचं की हे आम्ही सगळेच म्हणतो. एकानेसुद्धा नाय!"

"पोलीस म्हणाले, ऐकलं तेवढंच सांगा," बळवंत पुटपुटला. "जास्त बोललो तर आम्हांलाच आत टाकतील."

"म्हणजे रीत हाय," अंजनाबाई म्हणाली.

खिशातून रुमाल काढून बळवंतने मान पुसली आणि तो ओट्याच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसला. तिथून तो उठून गेला नाही, हे कमलने मनात टिपून घेतलं.

विद्याधरांनी कागद पुढे ओढले. घाईघाईने पेनचं टोपण काढलं. "सगुणाबाई, एवढंच हवंय मला. न्यायमूर्ती नवी साक्ष घ्यायला परवानगी देतीलच, अशी हमी मी देत नाही. पण तुमचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर त्यांना विचार करावाच लागेल. फक्त रीत आणि पाणी, तेवढं सांगा. सकाळचं भांडण वगैरे त्यात नको. ते आपल्याला अडचणीचं आहे."

"नको?"

"ते आधीच कागदात आहे. आपण कशाला पुन्हा..."

"होडीवर काय झालं, तुम्ही बघितलं?"

"नाही."

"मी पण नाय बघितलं. कमलने नाय, ह्या म्हाताऱ्या आयने नाय. ते पण मी सांगणार, की मी बघितलं नाय." सगुणा खाली वाकली. तिने तो बाजूला सरकवलेला तांब्या उचलला आणि उभ्यानेच, तोंड वर करून, घटाघटा पाणी प्यायली. सोनूबाईने तोंडाला पदर लावला. तांब्या सगुणाने जावेच्या हातात परत दिला, मग विद्याधरांकडे वळली.

"तुम्ही पण मना तेवढंच सांग म्हणता, वकीलसाहेब. पहिल्या खेपेला अर्धं घेतलं, म्हणून तर हे सगळं झालं."

विद्याधरांनी पेन खाली ठेवलं. "मग कसं करायचं म्हणता?"

"सगळं सांगणार. भांडले ते सांगणार. दोघे गेले आणि एक परत आला ते सांगणार. दोष माझा म्हणाला, घर माझं म्हणाला, ते सांगणार. आणि माझा नवरा अंगणात पडलेला असताना मी त्याच्या भावाकडे नीट बघितलं, मना वाटलं ह्याने नाय मारलं, म्हणून कळशी पालथी नाय ठेवली, हे सांगणार. लिहा. मी कोर्टात उभी राहणार. आणि ह्या खेपेला कोणी मध्येच थांबवलं, तर मी थांबणार नाय."